मी अंगठा का दिला नाही

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. ओसरीवर टेबल, टेबलावर धुतलेलं कापड, त्यावर नव्या वह्या-पुस्तकांचे तीन गठ्ठे आणि मागे आमची तीन नातवंडं केस विंचरून, पावडर लावून उभी. थोरलीच्या हातात पाटी. पाटीवर खडूने लिहिलेलं, 'आमची घरची शाळा, पहिला दिवस.' तासाभरात फोटोवर सव्वीस अंगठे पडले. पुणे, सोलापूर, नगर, झालंच तर अमेरिकेतून दोन. कुणी हात जोडले, कुणी 'देव आशीर्वाद देवो' म्हणून लिहिलं.

मी अंगठा दिला नाही. त्यावरून तिघांचे फोन आले, "मावशी, रागावलात का?" मंडळी, रागावले नाही. पण गप्प बसणंही होईना. १९७४ ते २००९ अशी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून खडू धरला. चूक दिसली की लाल शाई आपोआप बाहेर येते, ती सवय आता या वयात कुठे जायची! फोनवर एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना लागेल त्यांनी लागू द्यावं. त्यासाठीच लिहिते आहे.

जे आमच्या नात्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. भाचा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. २०२० च्या टाळेबंदीत बायकामुलं घेऊन गावी आला आणि परत गेलाच नाही. करमाळा तालुक्यात उजनीच्या पाण्याकाठी त्याचं शेत आहे. ऊस मोडून त्याने केळी लावली, ठिबक केलं, चार खोल्यांचं घर बांधलं. आम्ही पिढीजात ख्रिस्ती. टाळेबंदीत सगळ्यांचीच मुलं घरी बसली होती, तशी याचीही बसली. पुढे शाळा उघडल्या, बाकीची मुलं दप्तरं घेऊन गेली, ही मात्र घरीच राहिली. कारण काय, तर घरी बरं चाललं आहे. यंदा त्यांच्या 'घरच्या शाळे'चं नवं वर्ष सुरू झालं तेव्हा मी आठ दिवस तिथेच होते. त्यामुळे जे लिहिते ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आधी जे चांगलं आहे ते सांगते, नाहीतर म्हातारी नुसती नावं ठेवते असं व्हायचं.

सकाळी साडेसहाला ओसरीवर चटई पडते. सगळे गोल बसतात. थोरली बारा वर्षांची, ती शास्त्रपाठ वाचते. मग 'उपासना संगीता'तलं एखादं गीत, मग प्रार्थना. धाकटी सहा वर्षांची, ती रोज प्रार्थनेत शेळीसाठी मागणं मागते. त्यानंतर न्याहारी, आणि आठच्या ठोक्याला टेबल. साडेदहापर्यंत गणित आणि इंग्रजी. नंतर वडिलांबरोबर शेतात. केळीची एक पेटी तेरा किलोची, तर चाळीस पेट्यांचं वजन किती, एका घडामागे किती फण्या, ठिबकला तासाला पाणी किती लागलं, असे हिशेब. थोरलीची एक निरीक्षणवही आहे. हिवाळ्यापासून पाण्यावर दिसलेले पक्षी तारीखवार लिहिलेत तिने. रोहित, चित्रबलाक, राखी बगळा, नदीसुरय. शेजारी चित्रं. मी पस्तीस वर्षांत असली वही पाहिली नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. दुपारी वाचन. संध्याकाळी मुलं आईला स्वयंपाकात मदत करतात. घरात टीव्ही नाही. मुलं खोटं बोलत नाहीत, उलट उत्तर देत नाहीत.

आता पुस्तकं. ती अमेरिकेतून मागवलेली आहेत, ख्रिस्ती कुटुंबांनी घरी शिकवावं म्हणून तयार केलेली. छपाई सुरेख. त्यांतली मुलं बर्फात खेळतात, सफरचंदं तोडतात आणि डॉलर-सेंटचे हिशेब करतात. मराठी आठवड्यातून दोनदा, तेही आजी घरी असली तर. मधला नऊ वर्षांचा, त्याला 'ळ' काढताना अजून मोडी काढल्यासारखं होतं. पण हे सुधारता येईल. माझं भांडण पुस्तकांशी नाही.

माझं भांडण गुरुवारी अकरा वाजता सुरू झालं.

शेतापासून पाऊण किलोमीटरवर वस्तीची शाळा आहे. पहिली ते चौथी, जिल्हा परिषदेची. त्या दिवशी तिथल्या बाई तालुक्याला मीटिंगला गेल्या होत्या. खिचडी खाऊन मुलं सुटली. मासे धरणाऱ्याची एक पोर, तिसरीतली असावी, घरी जायच्या वाटेवर आमच्या ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. टेबलावर काय चाललंय ते बघत होती. सूनबाई मनाची फार चांगली. ती उठली, पोरीला दोन बिस्किटं दिली आणि म्हणाली, "आमचा अभ्यास चाललाय बाळा. संध्याकाळी खेळायला ये हं." पोरगी एक पायरी उतरली आणि तिथेच थांबली. इकडे मधल्याचं तेरा साती अडलं. तो बोटं मोजतोय, आई थांबली आहे, मी थांबले आहे. पायरीवरून आवाज आला, "एक्याण्णव."

सगळे हसलो. तिला तेराचा पाढा येत होता. वस्तीच्या शाळेत, मीटिंगला जाणाऱ्या बाईंकडून शिकलेला. मग पुन्हा अभ्यास सुरू झाला. पोरगी थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

मला जेवण गेलं नाही. का, ते माझ्या भावंडांना लगेच कळेल. आमचे वडील लहानपणी गावच्या शाळेत पायरीवर बसत. वर्गात बसायची त्यांना मुभा नव्हती, जात आडवी येत होती. मास्तर आतून शिकवायचे आणि हे बाहेरून ऐकायचे. पाटी तपासायची तर मास्तर लांबूनच बघायचे. पुढे मिशनच्या माणसांनी त्यांना सोलापूरला बोर्डिंगात नेलं, तिथे ते पहिल्यांदा बाकावर बसले. तो बाक त्यांनी मरेपर्यंत विसरला नाही. ते मास्तर झाले, म्हणून मी बाई झाले, म्हणून माझी बहीण शिकली, म्हणून तिचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत गेला. हे वडील भाच्याचे आजोबा. त्यांच्याच पणतवंडांच्या शाळेत एक पोर पायरीवर उभं राहून पाढे ऐकत होतं, आणि आम्ही तिला बिस्किटं देऊन वाटेला लावलं.

संध्याकाळी मी भाच्यापाशी विषय काढला. तो चिडला नाही, मुद्द्याने बोलला. त्याचे मुद्दे मी प्रामाणिकपणे मांडते आणि माझी उत्तरंही देते.

पहिला मुद्दा त्याने असा मांडला, की शाळेत शिकवतात कुठे? मतदारयाद्या, जनगणना, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, खिचडीचे हिशेब, यातून बाईंना वेळ उरला तर शिकवणार. खरं आहे. शंभर टक्के खरं. मी स्वतः निवडणुकीच्या पेट्या सांभाळत रात्री काढल्या आहेत. पण हे म्हणणाऱ्याने शाळेत जाऊन भांडायला हवं. शिक्षणहक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या कायद्याने, प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश माणसं मुलांचे आईबाप असायला हवीत आणि निम्म्या बायका हव्यात. आमची सूनबाई एम. एस्सी. झालेली आहे. अख्ख्या वस्तीत तिच्याइतकं शिकलेलं दुसरं कुणी नाही. पण पालक म्हणून ती त्या समितीवर बसू शकत नाही, कारण तिचं मूल त्या शाळेच्या पटावर नाही. तिथे अंगठा देणाऱ्या आया बसतात. समोर आलेल्या कागदावर सही करा म्हटलं की करतात. 'बाई महिन्यातून किती दिवस मीटिंगला जातात, त्याचा हिशेब द्या' असं विचारणारी एकुलती एक बाई ओसरीवर बसून डॉलर-सेंट शिकवते आहे. मग शाळा सुधारणार कशी? जे बोलू शकतात ते आधी निघून जातात आणि मग म्हणतात, शाळेत काही राहिलं नाही!

दुसरा मुद्दा त्याचा हुकमी. "मावशी, पंडिता रमाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या? घरीच शिकल्या ना?"

हे ऐकून मात्र माझा तोल गेला. आपल्या सगळ्यांच्या घरांत रमाबाईंचा फोटो आहे, म्हणून त्यांचं नाव असं कुठेही वापरायचं का? रमाबाई घरी शिकल्या, कारण १८५८ साली जन्मलेल्या ब्राह्मणाच्या मुलीला संस्कृत शिकवणारी शाळा या देशात नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला शिकवलं. त्याचा लोकांनी एवढा बोभाटा केला की रानात जाऊन राहावं लागलं. त्या रानात आईने, लक्ष्मीबाईंनी, रमाबाईंना शिकवलं. दार बंद होतं म्हणून ते घर शाळा झालं. आणि शिकून झाल्यावर रमाबाईंनी काय केलं? ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन काढलं, ते दुसऱ्यांच्या मुलींसाठी, विधवांसाठी. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या आणि केडगावला त्यांचं घर वसवलं. जेऊरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागतं. भाचा पुण्यात असताना या गाडीने शेकडो वेळा गेला असेल. घरी मिळालेलं शिक्षण रमाबाईंनी आपल्या मनोरमेपुरतं ठेवलं असतं तर त्या स्टेशनाचं नाव आपल्याला कशाला ठाऊक असतं? आणि मनोरमेलाही त्यांनी त्याच कामाला लावलं. १९२१ साली, आईच्या एक वर्ष आधी ती गेली, तोवर ती तेच करत होती.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तेच. त्यांना नारायण वामन टिळकांनी घरीच अक्षर ओळखायला शिकवलं. ते शिकवणं कसं होतं, किती वेळा सुटलं आणि किती वेळा पुन्हा धरलं, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना माहीत आहे. पण त्या दोघांच्या घराला कधी कडी नव्हती. दुसऱ्यांची मुलं सदा घरात. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी शिकवलं, पुढे नगरला सिंथिया फरार बाईंकडे त्यांचं शिक्षिकेचं शिक्षण झालं, आणि १८४८ ला पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा. सात वर्षांनी त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची चौदा वर्षांची मुलगी, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि तो मिशनच्या 'ज्ञानोदया'त छापून येतो. घरात पेटवलेली वात सात वर्षांत कुठवर गेली बघा.

या सगळ्यांचं घरी शिकणं ही त्यांची अडचण होती. आपण तिचा दागिना करून गळ्यात घालतो आहोत. त्यांच्यासमोर बाहेरून लावलेली कडी होती. आपण कडी आतून लावतो आणि वर त्यांचंच नाव सांगतो. हे मला सहन होत नाही.

तिसरा मुद्दा श्रद्धेचा. हा मी हळुवारपणे घेते, कारण त्यात आईबापांची खरी भीती आहे. शाळेत सरस्वतीच्या फोटोपुढे नारळ फुटतो, सगळी मुलं हात जोडतात, आपलं एकटं मूल काय करणार? थोरलीला पुण्याच्या शाळेत नावावरून चिडवलं होतं, ती रडत घरी आली होती. हे मी विसरत नाही. पण मी पस्तीस वर्षं अशाच शाळांतून काढली. नारळ फुटला की मी शांतपणे उभी राहायचे. कुणी मला वाकायला लावलं नाही. नाताळच्या आधी मी वर्गात गव्हाणीची गोष्ट सांगायचे. पोरं कान देऊन ऐकायची. होळीला माझ्या टेबलावर पुरणपोळ्यांचे डबे यायचे, नाताळाला मी करंज्या न्यायचे. एका गावात माझ्यावर टीकाही झाली. पण माझ्या बाजूने भांडायला जो उभा राहिला तो तालमीचा उस्ताद होता, त्याची पोरगी माझ्या वर्गात होती! एकमेकांची मुलं एका वर्गात असली की माणसं अशी उभी राहतात. तुमची मुलं कुणी ओळखतच नसेल तर उद्या तुमच्या बाजूने कोण बोलेल? दिवा आणि माप यांची गोष्ट आपण सगळ्यांनी संडे स्कूलमध्ये ऐकली आहे. ती मी पुन्हा सांगत नाही.

चौथा मुद्दा हक्काचा. "मुलं आमची आहेत, अमेरिकेत तर सगळ्या राज्यांत घरी शिकवायला परवानगी आहे." आहे. आणि जर्मनीत नाही. तिथल्या कोनराड नावाच्या ख्रिस्ती कुटुंबाने घरी शिकवायची परवानगी मागितली होती, ती २००६ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही दिली नाही. मुलांनी समाजातल्या इतर मुलांत मिसळून शिकावं, यात समाजाचंही हित आहे, असं तिथलं म्हणणं. आपल्याकडे कायदा आईबापांना सांगतो की मुलाला जवळच्या शाळेत घाला, पण नाही घातलं तर शिक्षा सांगत नाही. पुढे दहावीची परीक्षा मुक्त विद्यालयातून देता येते. माझं म्हणाल तर मला जर्मनीसारखा पोलीस दारात नको आहे. कुणी शेतातल्या घरी येऊन 'मुलं कुठे आहेत' म्हणून दरडावलेलं मला आवडणार नाही. पण हक्क असणं वेगळं आणि ते शोभणं वेगळं. विहीर आपली असली तरी दुष्काळात तिला कुलूप लावणारा माणूस गावात कोणत्या तोंडाने फिरतो?

आता पट. पट हा शब्द शिक्षकांच्या घरात मरणाच्या बातमीसारखा बोलला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करता येतील का, म्हणून प्रस्ताव मागवले होते. तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा मोजल्या होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं. मोठा गदारोळ झाला. पण टांगती तलवार खाली आलेली नाही, ती कुठल्याही जूनमध्ये पुन्हा निघेल. आमच्या या वस्तीच्या शाळेचा पट आहे एकोणीस. भाच्याची मधला आणि धाकटी अशी दोन मुलं चौथीत आणि पहिलीत बसतात. एकोणीस आणि दोन एकवीस. हे गणित सोडवायला अमेरिकेचं पुस्तक लागत नाही.

शाळा हलली तर मुलांना गाडीने नेऊ, असं वरची मंडळी म्हणतात. नकाशावर बोट ठेवून म्हणायला काय जातं! आमच्याकडे एका वस्तीतून दुसरी दिसते, हाक मारली तर ऐकू येते, आणि मध्ये पाणी असतं. सडकेने जायचं तर मोठा वळसा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जीव गेले, त्यांत लहान लेकरं होती. ज्याने ते दिवस पाहिले तो पहिलीतल्या पोराची शाळा पाऊलवाटेच्या पलीकडे नेण्याची भाषा करणार नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असा नियम आहे, तो उगाच नाही. ही शाळा गेली तर भाच्याच्या मुलांचं काहीही बिघडणार नाही. त्यांचं टेबल ओसरीवर आहेच. बिघडेल ते तेराचा पाढा येणाऱ्या पोरीचं. ती एक वर्ष इकडेतिकडे जाईल, मग बापाबरोबर जाळ्यावर बसून चिलापी निवडेल, आणि सोळाव्या वर्षी तिचं लग्न होईल. ही मी घाबरवण्यासाठी कहाणी रचत नाही. माझ्या हजेरीपटातून अशी नावं मी स्वतः लाल शाईने खोडली आहेत.

मला उजनीचं पाणी चढलं ते दिवस आठवतात. धरण १९८० ला पुरं झालं, पण त्याआधीच आमचं सासरचं गाव उठलं. सासूबाईंनी भरपाईच्या कागदावर अंगठा दिला. किती रुपयांवर दिला ते त्यांना कळलं नाही, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. नव्या जागी माळावर लोकांनी पत्रे टाकले. घरांच्या भिंती वर यायच्या आधी लिंबाखाली शाळा भरली. आम्ही दोघी शिक्षिका बैलगाडीतून काय काय घेऊन आलो सांगू? घंटा, हजेरीपट, महाराष्ट्राचा नकाशा आणि खडूची पेटी. जुन्या गावात आळ्या जातीजातीच्या होत्या, नव्या गावातही प्लॉट तसेच पडले. पण लिंबाची सावली एकच होती, तिच्यात सगळ्यांची पोरं दाटीने बसायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाची जोती उघडी पडतात, पळसदेवचं देऊळ वर येतं, पुण्याची माणसं फोटो काढायला येतात. मला ती जोती बघून एवढंच वाटतं, की गाव बुडालं तरी आम्ही शाळा बुडू दिली नव्हती. आता कोरड्या जमिनीवर बुडवतो आहोत, एकेक पोर काढून.

भाच्याने शेवटी एक दगड मारला आणि तो बरोबर लागला. म्हणाला, "मावशी, तुझा मुलगा कुठे शिकला?" माझा मुलगा सोलापूरला शिकला, मोठ्या शाळेत, माझ्या नणंदेकडे राहून. मी ज्या शाळेत शिकवत होते तिथे मी त्याला पाचवीनंतर ठेवला नाही. दुसऱ्यांच्या पोरांना सांगत होते, 'आपली शाळा आपला अभिमान', आणि माझं पोर एस. टी.त बसवून देत होते. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. माझ्याबरोबरच्या निम्म्या शिक्षकांनी हेच केलं. आमची मुलं त्या वर्गांत असती तर आम्ही तिथे आणखी नीट शिकवलं असतं का? असतं. हे कबूल करायला मला सत्तरी उलटावी लागली.

म्हणून हा लेख एकट्या भाच्यावर नाही. त्या सव्वीस अंगठ्यांवर आहे. त्यातली बहुतेक मंडळी मराठी शाळेतून शिकून वर आलेली आणि आज जिची मुलं पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेला जातात ती. भाच्याने निदान स्वतः बसून शिकवायचे कष्ट तरी घेतले आहेत. तुम्ही फी भरून मोकळे झालात. दार दोघांनीही लावलंय, तुमच्या दाराला फक्त रंग वेगळा आहे.

मग करायचं काय? टीका करून निघून जाणारी मी बाई नाही, गृहपाठ दिल्याशिवाय तास संपवत नाही.

सकाळची चटई राहू द्या, शास्त्रपाठ राहू द्या, पक्ष्यांची वही तर राहू द्याच. साडेदहाला मात्र मधल्याला आणि धाकटीला दप्तर देऊन वस्तीच्या शाळेत पाठवा. सूनबाईने समितीवर बसावं आणि बाईंच्या मीटिंगांचा हिशेब मागावा. मधला तेराचा पाढा त्या पोरीकडून शिकेल आणि ती पोर थोरलीकडून पक्ष्यांची नावं शिकेल. यात कुणाची श्रद्धा कमी होणार असेल तर ती श्रद्धा कशाला जपायची? आणि शाळेत घालणं मुळीच पटत नसेल तर निदान दुपारी चार ते सहा ओसरी सगळ्या वस्तीसाठी उघडी ठेवा. मराठी शिकवायला मी येते. गुडघे दुखतात, पण जेऊरपर्यंत रेल्वेने आणि पुढे भाच्याच्या मोटरसायकलवर येईन. माझी अट एकच. पायरीवर कुणी उभं राहायचं नाही.

हे सगळं मी लिहून आधी त्या दोघांना वाचायला पाठवलं होतं. पाठीमागे बोलायची आमच्यात रीत नाही. भाच्याचं अजून उत्तर नाही. सूनबाईचा काल रात्री निरोप आला, "मावशी, तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. पण इतकी मुलं बसवायची कुठे? टेबल लहान आहे."

मी कळवलं, चटई आहे ना.